हिरागाना पाठ आहे, पण वाचता येत नाही

प्रश्न : जपानी शिकायला सुरुवात केली आहे. हिरागाना या जपानी लिपीचं प्रत्येक अक्षर दहा-दहा वेळा गिरवते. तक्ता ओळीने म्हणता येतो, पण एखादं अक्षर सुटं समोर आलं की अडते. काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गिरवताना नमुना डोळ्यांसमोर असतो. हात चालतो, आठवावं काहीच लागत नाही. एकदा बघून लिहा, मग पान झाका आणि आठवून लिहा. अडलात तरी लगेच पाहू नका, थोडं आठवायचा प्रयत्न करा. रोज ५ नवी अक्षरं पुरेत, त्यांत आधीची मिसळून चिठ्ठ्या पिसा. एका बाजूला जपानी अक्षर, दुसरीवर देवनागरी. दोन्ही बाजूंनी सराव हवा, कारण ओळखता आलेलं अक्षर लिहिता येईलच असं नाही.

तक्ता सोडू नका. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून जपानमध्ये घडला, त्यामुळे तो आपल्याला निम्मा येतोच. 'सा'च्या जागी च आणि 'हा'च्या जागी प ठेवून पाहा: क, च, त, न, प, म, य, र, व! 'हा' ओळीचा जुना उच्चार 'पा'सारखाच होता. म्हणूनच आजही 'हा'ला दोन छोट्या रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की 'पा'. त्याच दोन रेघांनी 'का'चा 'गा', 'ता'चा 'दा' होतो. म्हणजे मूळ ४६ अक्षरं पक्की झाली की बाकीची वेगळी घोकावी लागत नाहीत. 'त्सु'ही आपल्याला सोपा, 'चूक'मधला च तोच.

घोटाळा होतो तो जुळ्या अक्षरांत. 'नु'च्या शेवटी गाठ असते, 'मे'च्या नसते; 'रु' आणि 'रो'मध्येही हाच फरक. 'ने', 'रे', 'वा' यांची फक्त शेपटी पाहा: 'ने'ची गाठ, 'रे'ची बाहेर वळलेली, 'वा'ची आत. अशी जोडी एकाच दिवशी शिकू नका. एक पक्कं होऊ द्या, दुसरं दोन-तीन दिवसांनी घ्या, मग शेजारी लिहून फरक पाहा.

पहिल्या दोन ओळी येताच शब्द वाचायला लागा: इए (घर), आका (लाल), एकी (स्टेशन), काओ (चेहरा). पुस्तकातल्या जपानी मजकुरावर देवनागरी उच्चार मात्र लिहू नका. डोळा तिथेच जातो.

प्रश्न : काताकाना या जपानीच्या दुसऱ्या लिपीतले 'शि' आणि 'त्सु' सारखेच दिसतात. ओळखायचे कसे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रेघ कुठून सुरू होते ते पाहा. 'शि'च्या छोट्या रेघा एकीखाली एक, आणि लांब रेघ खालून वर जाते. 'त्सु'च्या छोट्या रेघा शेजारी-शेजारी, लांब रेघ वरून खाली येते. 'न्' हा 'शि'सारखा, 'सो' हा 'त्सु'सारखा. दोन्हींत छोटी रेघ एकच. रेघांचा क्रम पाळून लिहिलं तरच हे हातात बसतं.