संबंध आलेला नाही, तरी दिवस गेले असतील का?

“मॅडम, संबंध आलेला नाही, पण आम्ही खूप जवळ आलो होतो. दिवस तर गेले नसतील ना?” हा प्रश्न मी समुपदेशनाच्या कामात इतक्या वेळा ऐकला आहे, की समोरच्याने वाक्य अर्धवट सोडले तरी पुढचे शब्द मला ठाऊक असतात. विचारणाऱ्या बहुतेक तरुणी असतात, पण तरुणांची संख्याही कमी नसते आणि त्यांचीही झोप तितकीच उडालेली असते. प्रत्येकाला वाटते की इतका साधा प्रश्न फक्त आपल्यालाच पडला आहे. म्हणून त्यांपैकी एकीची हकिगत येथे मांडते. तिचे नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत. तिला आपण मनाली म्हणू.

मनाली चोवीस वर्षांची, नोकरी करणारी, नेमके बोलणारी मुलगी. पहिल्या भेटीत तिने एक वही उघडली आणि तारखा वाचून दाखवल्या. जवळिकीच्या वेळी दोघांच्याही अंगावर कपडे होते, मित्राचे वीर्यस्खलन त्याच्याच कपड्यांत झाले होते आणि तिने स्वतःची पँट उतरवलेलीही नव्हती. तरीही दुसऱ्या दिवशी तिने तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली. तिसऱ्या दिवसापासून तिला मळमळू लागले. पुढे पाळी सहा दिवस लांबली आणि आली तीही नेहमीपेक्षा कमी. तोवर लघवीची चाचणी चार वेळा करून झाली होती. शेवटची चाचणी तर त्या दिवसानंतर तीन आठवडे उलटल्यावर केलेली होती. चारही वेळा एकच रेघ उमटली होती, पण मनालीचे समाधान एकदाही झाले नव्हते.

अशा वेळी मी आधी शरीराचे शास्त्र स्पष्ट शब्दांत सांगते. अंधुक माहितीवर भीती जोमाने वाढते आणि आडवळणाने बोलल्याने ती अधिकच वाढते, असा माझा अनुभव आहे. गर्भधारणेसाठी जिवंत शुक्रजंतू योनीमार्गात पोहोचावे लागतात, तेथून गर्भाशयमुख व गर्भाशय ओलांडून त्यांना बीजवाहिनीपर्यंत जावे लागते आणि त्याच सुमारास तेथे स्त्रीबीज असावे लागते. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर जेमतेम १२ ते २४ तास टिकते. योनीमार्गात पोहोचलेले शुक्रजंतू अनुकूल स्थितीत सुमारे पाच दिवस जगू शकतात, म्हणून एका पाळीचक्रातले साधारण सहा दिवसच गर्भधारणेचे असतात. एका स्खलनात कोट्यवधी शुक्रजंतू असले, तरी बीजवाहिनीपर्यंत पोहोचणारे काही शेच असतात. शरीराबाहेर, कापडावर किंवा त्वचेवर वीर्य वाळले की ते निकामी होतात. कपड्यांचे थर ओलांडून योनीमार्गात शिरण्याची क्षमता त्यांच्यात नसते. चुंबन, मिठी, मुखमैथुन किंवा कपडे अंगावर असताना आलेली जवळीक यांमुळे दिवस जात नाहीत.

“पण मॅडम, मी वाचले आहे की कौमार्यपटल अखंड असलेल्या मुलींनाही दिवस गेले आहेत.”

“हो, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पण तेथे ताजे वीर्य योनीच्या तोंडाशी पोहोचलेले होते. तुझ्या बाबतीत ते कोठे होते?”

“त्याच्या कपड्यांत.”

“मग?”

ती हसली आणि हलक्या मनाने गेली. पुढच्या भेटीत मात्र तीच वही आणि तेच प्रश्न घेऊन परतली. मी तिला मळमळीचे कारण सांगितले होते. फलित बीज गर्भाशयात रुजायला साधारण आठवडाभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ लागतो. ज्या संप्रेरकावरून चाचणीला गर्भधारणा कळते ते एचसीजी त्यानंतरच तयार होऊ लागते. त्यामुळे तिसऱ्या दिवशीची मळमळ गर्भाची असूच शकत नाही. ती गोळीची असू शकते आणि काळजीचीही. पाळी लांबण्याचे कारणही त्याच गोळीत दडलेले होते. ही गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते, त्यामुळे पुढची पाळी काही दिवस पुढेमागे होते आणि रक्तस्रावही कमी-अधिक होतो. भीतीपोटी घेतलेल्या गोळीने पाळी लांबली आणि लांबलेल्या पाळीने भीती वाढवली, असे हे चक्र मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. मनालीला हे सगळे समजले होते आणि मी सांगितलेले ती मला अचूक परत सांगू शकत होती. तरीही तिची संध्याकाळ मोबाइलवर तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत शोधण्यात जात होती.

विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझे काम उभे आहे. घटनेपेक्षा घटनेविषयी आपण मनाशी धरलेला हट्ट आपल्याला अधिक छळतो, ही त्यांची शिकवण मी वर्षानुवर्षे समोरच्या माणसांत खरी ठरताना पाहिली आहे. मनालीचा हट्ट शंभर टक्के खात्रीचा होता. पण जी मुलगी रोज रस्ता ओलांडते, प्रवास करते आणि वैद्यकीय तपासणीच्या अहवालावर एरवी विश्वास ठेवते, तिला याच एका बाबतीत एवढी खात्री का हवी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. माहिती आणखी देण्यात अर्थ नव्हता. पुढच्या भेटीत मी तिला वही बाजूला ठेवायला सांगितले.

“समज, हेच सगळे अगदी असेच, कपडे अंगावर असताना, लग्नानंतर घडले असते. दुसऱ्या दिवशी तू गोळी घेतली असतीस?”

तिने लगेच उत्तर दिले नाही. मीही घाई केली नाही.

“नाही. तसा विचारसुद्धा आला नसता.”

“मग या वेळी शक्यता कशामुळे वाढली?”

“मी असे करायला नको होते, त्यामुळे,” असे म्हणून ती एकदम थांबली, जणू स्वतःचे वाक्य तिने प्रथमच ऐकले होते.

“तू ते करायला नको होतेस, हे शुक्रजंतूंना कसे कळणार?”

तिच्या डोळ्यांत पाणी आले. बराच वेळ रडून झाल्यावर ती म्हणाली, “मला वाटत होते की याची काहीतरी शिक्षा होणारच. चाचणी निगेटिव्ह आली की वाटायचे, शिक्षा फक्त पुढे ढकलली गेली आहे.”

इतक्या दिवसांचा गुंता या एका वाक्यात उलगडला. तिची चाचणी गर्भाचा शोध घेत नव्हती, तिला तेथे निकाल हवा होता. आणि लघवीची चाचणी माणसाला दोषी किंवा निर्दोष ठरवू शकत नसल्यामुळे तिला चार काय, चाळीस चाचण्याही पुरल्या नसत्या. मला मिळालेली ही दृष्टी तेव्हापासून मी प्रत्येक अशा प्रश्नाच्या वेळी वापरते. माहिती दिल्यावर ज्याची काळजी मिटते, त्याला माहितीच हवी असते. माहिती समजूनही ज्याची काळजी पुन्हा उगवते, त्याच्याशी अपराधभावाविषयी बोलावे लागते. त्यानंतरच्या भेटींत मनाली आणि मी गर्भधारणेविषयी जवळजवळ बोललोच नाही. आपल्याला जवळीक हवीशी वाटली याचा तिला राग होता. तो स्वतःवरचा होता की घरातून मिळालेल्या शिकवणीवरचा, हे तिने हळूहळू वेगळे केले. पुढे कोठवर जायचे याची मर्यादा तिने स्वतः विचार करून ठरवली. ती कोणती, हे येथे सांगण्याचे कारण नाही. ती भीतीतून आलेली नव्हती, एवढे मी समाधानाने सांगू शकते.

मात्र मनालीच्या हकिगतीवरून कोणीही सरसकट निश्चिंत होऊ नये, कारण ‘संबंध नाही’ या दोन शब्दांत लोक फार वेगवेगळे प्रसंग भरतात. कपड्यांविना जवळीक झाली आणि वीर्य योनीच्या तोंडाशी पडले, किंवा ताजे वीर्य लागलेली बोटे लगेच योनीमार्गात गेली, तर शक्यता कमी असली तरी ती शून्य नसते. स्खलनापूर्वी येणाऱ्या स्रावातही काही पुरुषांमध्ये शुक्रजंतू आढळतात, त्यामुळे ‘थोडेसेच आत’ किंवा ‘वेळेवर बाहेर’ हे प्रकार या लेखातल्या आश्वासनात बसत नाहीत. अशा प्रसंगी तातडीच्या गोळीचा विचार जरूर करावा. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर घेता येईल तितकी घ्यावी. तेवढे तास उलटले असले तरी पाच दिवसांपर्यंत डॉक्टरांकडे दुसरे उपाय असतात. जेथे शक्यताच नाही तेथे मनाच्या शांततेसाठी ही गोळी घेऊ नये. तिने शांतता मिळत नाही, हे वर आलेच आहे.

चाचणी पाळी चुकल्यावर करावी. पाळी अनियमित असेल किंवा गोळी घेतलेली असेल, तर शेवटच्या जवळिकीनंतर २१ दिवसांनी करावी. तेव्हा निगेटिव्ह आलेली चाचणी, सूचनांप्रमाणे केलेली असेल तर, विश्वासार्ह असते. त्यानंतरही पाळी येत नसेल तर आणखी चाचण्या करत बसण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे, कारण थायरॉइड, वजनातला मोठा फरक, दीर्घ ताण अशी अनेक कारणे पाळी लांबवतात आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. आणखी एक गोष्ट दिवस जाण्याच्या धास्तीत हमखास विसरली जाते. जननेंद्रियांवरील नागीण (हर्पिस) किंवा एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग, असे काही संसर्ग केवळ त्वचेच्या संपर्काने होऊ शकतात आणि मुखमैथुनातूनही काही लैंगिक आजार पसरतात. म्हणून गर्भधारणेचा धोका नसलेल्या जवळिकीतही निरोध आणि गरज पडल्यास तपासणी यांना स्थान आहे.

शेवटच्या भेटीला मनालीने मित्राला सोबत आणले. इतके दिवस तो रोज सकाळी तिला “आली का?” एवढेच विचारत होता आणि चौथी चाचणी त्याच्याच आग्रहावरून झाली होती. आपण तिची काळजी घेत आहोत असे त्याला मनापासून वाटत होते. त्या प्रश्नाने तिची धडधड कशी वाढायची, हे तिने त्याला माझ्यासमोर सांगितले. मग मी तेच शास्त्र त्यालाही पहिल्यापासून समजावले आणि त्याने, तिच्यासारखेच, खिशातून कागद काढून प्रश्न विचारायला सुरुवात केली.