वारीत एकटीनं गेलं तर सोबत मिळते का?

प्रश्न : मी ५४ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते. आळंदी ते पंढरपूर पायी जायचं कधीपासून मनात आहे. मिस्टरांना गुडघ्यामुळे जमणार नाही आणि ज्या दोघी मैत्रिणी येणार होत्या त्या आता नाही म्हणतायत. अनोळखी माणसांत इतके दिवस कसे जातील? मुळात मी फार बोलकी नाहीये.

उत्तर : ताई, निघाच. एकट्या निघा पण मोकळ्या समाजात, म्हणजे कुठल्याच दिंडीत नसलेल्या लोकांत, चालू नका, दिंडीत नाव घाला. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त, त्यातली एखादी तुमच्या ओळखीपाळखीत कुणाची तरी असतेच, किराणावाल्याला विचारा, सोसायटीच्या वॉचमनला विचारा, भजनी मंडळात तर हमखास पत्ता लागेल. भिशी, म्हणजे दिंडीचे ठरलेले पैसे, भरली की जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक याची काळजी दिंडीची. मात्र पैसे भरण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या, बायकांच्या आंघोळीची आणि संडासची सोय काय, एका तंबूत किती जणी, आणि ट्रक मुक्कामाला वेळेवर पोचतो का. यात लाजू नका, पहाटे अडीच-तीनला अंधारात टँकरजवळ उभं राहायची वेळ येते तेव्हा हेच प्रश्न महत्त्वाचे असतात.

आता सोबतीचं. पुण्यापर्यंत ओळखी होत नाहीत, गर्दीच तेवढी असते. पुणे ते सासवड ही मोठी चाल, तीसेक किलोमीटर आणि त्यात दिवेघाट, त्या दिवशी सगळ्यांचे पाय बोलतात. सासवडला पालखी दोन रात्री असते, तिथं तंबूत तेल लावत बसलेल्या बायका विचारतात, कुठल्या गावच्या माउली? वारीत आधी गाव विचारतात, नाव खूप नंतर, काही जणींचं तर पंढरपूर आलं तरी कळत नाही आणि त्यानं काही अडत नाही. बोलकं असायची गरजच नाही हो, चालताना अभंग चालू असतात, पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी आणि मागं तुळस घेतलेल्या बायका, तुम्ही त्या ओळीत आपली जागा धरा आणि रोज तिथंच चाला. तीच माणसं रोज आजूबाजूला असतात, चार दिवसांत तुम्ही दिसला नाहीत तर शोध सुरू होतो. आणि मुक्कामाला पोचल्यावर भाजी निवडायला बसा. ओळख करून घ्यायचा याच्याइतका सोपा रस्ता मला माहीत नाही, मेथीची जुडी हातात घेतली की समोरची आपणहून बोलायला लागते, सुनेचं, कर्जाचं, पेरणीचं.

पेरणी तर सगळ्यांच्याच मनात असते. एका वर्षी वाल्ह्याच्या वाटेवर जोराचा पाऊस आला, माझा रेनकोट ट्रकमध्ये, तेव्हा परभणीकडच्या एका आजींनी आपला प्लास्टिकचा कागद अर्धा माझ्या डोक्यावर धरला आणि विचारलं, बाळा, मोबाईलात बघ की, आमच्याकडं हाय का पाऊस? मी बघितलं, नव्हता. सांगितल्यावर त्या नुसतं बरं म्हणाल्या आणि पुढच्या चरणाला टाळी धरली, कागद मात्र तसाच माझ्याही डोक्यावर. अशी सोबत मिळते ताई, आणि ती मैत्रिणींबरोबर गेलं की उलट कमी मिळते, कारण मग आपण आपल्यातच गप्पा मारत चालतो.

संध्याकाळी कितीही दमलात तरी समाजआरती चुकवू नका. तळावर, म्हणजे पालखीच्या मुक्कामाच्या मैदानात, सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात, हजारो टाळ वाजत असतात, शिस्त सांभाळणारा चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतो आणि क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिथं जाऊन काय झालं ते ऐकून घेतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथंच पुकारतात. एवढ्या मोठ्या समाजाची शिस्त काय असते ते तिथं उभं राहिल्यावर कळतं, मला तर अजून अंगावर काटा येतो.

प्रश्न : मी आयटीत आहे, रजा दोनच दिवस मिळेल. पुणे-सासवड करू का?

उत्तर : सगळे तेच करतात म्हणून मी नको म्हणेन. त्या दिवशी वारकऱ्यांपेक्षा आपल्यासारखेच जास्त भेटतात. लोणंदहून तरडगावला या, चाल लहान आहे आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावतात ते. गोल रिंगण बघायचं असेल तर नातेपुते ते माळशिरस धरा. तुकोबांच्या पालखीबरोबर असाल तर काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण. कुठल्याही दिंडीत पंगतीला बसलात तर नंतर वाढायला उभे राहा किंवा थोडा शिधा द्या, फोटो काढून निघून जाऊ नका, आणि कानात इअरफोन तर अजिबात नको, शेजारचा माणूस तुमच्याशी बोलणार कसा?

प्रश्न : गेल्या वर्षी वारीत जोडलेली माणसं पंढरपूरला एकादशीच्या गर्दीत पांगली, कुणाचा नंबर घेतला नाही. परत भेटतील का?

उत्तर : बरेच भेटतात. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला जा, माउलींच्या समाधी सोहळ्याला बहुतेक दिंड्या येतात आणि त्यांच्या उतरायच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात, दिंडीचा नंबर आठवत असेल तर विचारत विचारत पोचाल. यंदा जमलं तर एकादशीला लगेच एसटी पकडू नका, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होईपर्यंत थांबा. त्यापुढं अजून रजा असेल तर परतवारी करा. पालखी पायीच आळंदीला परत येते, दहाएक दिवसांत, लांब लांब चाली असतात, बरोबर माणसं थोडी, मंडप नाही की फुकट चहा वाटणारे नाहीत. झेपेल का याचा विचार आधी करा, पण माणसं जोडायची असतील तर मी तरी तीच वाट सांगेन.