विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला लक्षद्वीपच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग जमेल का?

आपण विचारले आहे, की परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात विहिरीत पोहायला शिकलेल्या, समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिलेल्या, चष्मा लावणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने लक्षद्वीपला जाऊन स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणे, शिकावे का, आणि शिकायचे तर आधी कोणती तयारी करावी. मी मूळचा औसा तालुक्यातला असून लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. जानेवारी 2023 मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, मी लक्षद्वीपमधल्या कदमत बेटावर हा कोर्स पूर्ण केला. त्या अनुभवावरून सांगतो, की आपण अवश्य शिकावे. मात्र विहिरीने आपल्याला जी पहिली गोष्ट शिकवली, ती तिथे सर्वांत आधी विसरावी लागते, आणि माझ्या उत्तराचा बराचसा भाग त्या एकाच गोष्टीविषयी आहे.

आमच्या विहिरीला हिवाळ्याच्या अखेरीस चार परस पाणी असे. चुलत्यांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मला पाण्यात सोडले, आणि महिनाभराने भोपळा सुटला तेव्हा पुढची परीक्षा तळाच्या मातीची होती. काठावर उभे राहून छाती भरून श्वास घ्यायचा, सूर मारायचा, तळाचा गाळ मुठीत धरून वर यायचे आणि सगळ्यांसमोर मूठ उघडून दाखवायची. ज्याला श्वास अधिक वेळ रोखता येई, तो पट्टीचा पोहणारा समजला जाई. आपल्याकडे पोहणे म्हणजे श्वास रोखणे हे समीकरण असे लहानपणीच अंगात मुरते. स्कूबामध्ये मात्र श्वास रोखणे ही जिवावर बेतू शकणारी चूक आहे.

याचे कारण समजून घेतले तर भीतीही कमी होते. विहिरीत काठावर भरलेला श्वास खाली जाताना पाण्याच्या दाबाने आकसतो आणि वर येताना पुन्हा मूळच्या आकाराचा होतो. काठावर होती त्यापेक्षा जास्त हवा फुफ्फुसात कधीच नसते, त्यामुळे श्वास रोखून वर आल्याने काही बिघडत नाही. पाठीवर सिलिंडर असताना गोष्ट वेगळी होते. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटर खोलीवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, आणि तोंडातला रेग्युलेटर त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो. समजा तिथे आपण चार लिटर हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलो, तर पृष्ठभागावर त्याच हवेला आठ लिटर जागा हवी असते. फुफ्फुसात तेवढी जागा नसते. ऊती फाटतात आणि हवा रक्तात शिरते. पोहण्याच्या तलावाइतक्या उथळ पाण्यातही अशी इजा होऊ शकते. बॉईलचा हा नियम मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो, परंतु तो माझ्या छातीला लागू आहे हे मला खऱ्या अर्थाने कदमतच्या पाण्यात कळले.

पहिला सराव छातीइतक्या पाण्यात असतो. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ज्याला खारकच्छ म्हणतात, त्या प्रवाळभित्तीच्या आतल्या शांत पाण्यात मी गुडघ्यांवर बसलो. रेग्युलेटर तोंडात होता, हवा मिळत होती, आणि तरीही डोके पाण्याखाली जाताच माझी छाती आपोआप बंद झाली. मन घाबरलेले नव्हते. शरीर चाळीस वर्षांपूर्वीची शिस्त पाळत होते. शिकवणारा तरुण बेटावरचाच होता, त्याची भाषा मल्याळम, आणि पाण्याखाली तसाही भाषेचा उपयोग नाही. त्याने माझ्या छातीवर हलकेच दोन बोटे टेकवली आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी बुडबुडे वर जात असल्याची खूण करत तो थांबून राहिला. मी श्वास सोडला. कानाजवळून बुडबुड्यांचा खळखळाट गेला, आणि मग आत येणाऱ्या हवेचा सुस्कारा ऐकू आला. त्या दिवशी मी दुसरे काहीच केले नाही, अर्धा तास फक्त श्वास घेतला आणि सोडला, आणि संपूर्ण कोर्समधला सर्वांत मोलाचा अर्धा तास मी त्यालाच मानतो. सरावात रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा घालायला शिकवतात, तेव्हाही तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचे असतात. बुडबुडे थांबता कामा नयेत, एवढे एकच वाक्य लक्षात राहिले तरी माझे उत्तर लिहिणे कारणी लागले.

दुसरी गोष्ट कानांची, आणि तिच्याविषयी मी थोड्या कळकळीने लिहितो, कारण तिचा त्रास मी भोगला आहे. कदमतला जाण्यापूर्वी काही वर्षे किनाऱ्यावरच्या एका पर्यटनस्थळी, ज्याचे नाव मी घेणार नाही, मी अर्ध्या तासाची डुबकी विकत घेतली होती. तिथे तब्येतीचा अर्ज न वाचता सही घेतली, सराव दिला नाही, मला सर्दी आहे हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. खाली जाताना कानात कळ आली, तेव्हा सोबतच्या माणसाने हात धरून मला आणखी खाली ओढले. पुढचे दहा दिवस डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हते, आणि लातूरच्या डॉक्टरांनी तपासून कानाच्या पडद्यामागे रक्त साकळल्याचे सांगितले. पाण्याचा दाब पडद्याला आत ढकलत असतो. नाक चिमटीत धरून हलका फुंकर मारल्याने घशातून कानात हवा जाते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. हे दुखायला लागल्यावर करून उपयोग नाही, डोके पाण्याखाली गेल्यापासून दर अर्ध्या-एक मीटरला करायचे असते, आणि कान मोकळे झाले नाहीत तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा असतो. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये, पैसे भरलेले असले तरीही. जो शिकवणारा आपले कान मोकळे होईपर्यंत थांबत नाही, त्याच्यासोबत जाऊ नये.

वर येतानाही घाई चालत नाही. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो, आणि सोड्याच्या बाटलीचे बूच झटक्यात उघडल्यासारखे आपण वर आलो तर त्याचे शरीरातच बुडबुडे होतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा सावकाश वर यायचे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे अनेक दिवस डुबक्या मारल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास, आणि माझ्या मते पूर्ण चोवीस तास, मोकळे ठेवावेत. लक्षद्वीपला विमान अगत्ती बेटावर उतरते, आणि परतीच्या तिकिटाचा विचार करतानाच शेवटची डुबकी कधी हे ठरवावे लागते. केंद्र निवडताना तिथे ऑक्सिजनची सोय आहे का, आणि कोणाला त्रास झाला तर त्याला बेटावरून उपचारासाठी कुठे आणि कसे नेतात, हे स्पष्ट विचारावे. इतक्या दूरच्या बेटांवर हा प्रश्न मला भाड्याच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता, एवढे सगळे कशासाठी करायचे, हेही सांगायला हवे. लक्षद्वीपची 36 बेटे मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आपल्याकडच्या दोन-चार गावांच्या शिवाराएवढी, पण तिथल्या खारकच्छांचे पाणी सुमारे 4200 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. तिथले खरे वैभव पाण्याखाली आहे. माझ्या तिसऱ्या डुबकीत, बारा मीटरवर, मला सारखा कुडकुड असा आवाज येत होता, जणू कोणी शेजारी बसून फुटाणे खात आहे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो आणि तो कुठून येतो हे कानांना ठरवता येत नाही, म्हणून मी चारही बाजूंना पाहत राहिलो. शेवटी दिसला तो पोपटमासा. निळसर हिरवा, हातभर लांब, चोचीसारखे दात असलेला, आणि तो प्रवाळाचा खडक खरोखरच कुरतडत होता. मग तो जरा पुढे गेला आणि त्याच्या मागून पांढऱ्या वाळूची एक रेघ पाण्यात सांडली. खडकावरचे शेवाळ खाताना पोटात गेलेला चुना तो दळून वाळू करून टाकतो, आणि ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर आपण फोटो काढतो, त्या वाळूचा मोठा हिस्सा असाच तयार झालेला असतो.

मराठवाड्याच्या माणसाला आणखी एक गोष्ट ऐकून बरे वाटेल. आपल्या विहिरी ज्या काळ्या पाषाणात खोदलेल्या आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि हा लाव्हा ज्या तप्त स्रोतातून आला, तो आज हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे असे भूवैज्ञानिक मानतात. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला तसा त्याच स्रोताने समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची रांग उभी केली. ते हळूहळू खचत गेले आणि त्यांच्या माथ्यांवर प्रवाळ वाढत राहिले. लक्षद्वीपची बेटे त्या माथ्यांवर आहेत. मला हे परतल्यावर वाचून कळले, आणि नंतर गावाकडच्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना मी त्या दगडावर कितीतरी वेळ हात ठेवून उभा होतो.

पण दुष्काळही दोघांना एकाच वेळी गाठतो. 2015-16 मध्ये एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना, तीव्र होता, आपल्याकडे पाऊस रुसला आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. त्याच वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्याला अन्न आणि रंग देते; पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले तर हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ उपाशी राहतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाही तर मरतो. 2024 च्या उन्हाळ्यात पुन्हा तसेच झाले, म्हणजे मी पाहिलेल्या भित्तीचा काही भाग आज तसा राहिला नसेल, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते. म्हणून आपण जाल तेव्हा कशालाही हात लावू नका आणि पाय खाली टेकवू नका. तरंगण्यावर ताबा येईपर्यंत वाळूवरच सराव करा, कारण पायातल्या फिनचा (पोहण्याच्या रबरी वल्ह्याचा) एक फटका वर्षानुवर्षांची वाढ मोडतो. जिवंत किंवा मृत प्रवाळ उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो आधी हातात घ्यावा आणि मगच तिकिटे काढावीत. लातूर-परभणीकडून हैदराबादमार्गे कोची गाठणे मला सोयीचे वाटले. कोचीहून जहाज किंवा अगत्तीचे विमान मिळते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून ऑक्टोबर अखेर ते एप्रिल हा काळ धरावा. ओपन वॉटर या प्राथमिक कोर्सला तीन-चार दिवस लागतात, त्यात समुद्रातल्या चार डुबक्या असतात आणि नंतर अठरा मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. नुसता अनुभव घ्यायचा असेल तर एका दिवसाची डुबकीही असते, पण आपण इतक्या लांब जाणार आहात तर कोर्सच करावा. दमा, हृदयविकार, फेफरे किंवा कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे आणि अर्जात काहीही लपवू नये. चष्म्याची चिंता करू नका, नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. आपला नंबर लिहून आधी कळवा. मिशी असेल तर मास्कच्या कडेतून पाणी झिरपते, ती नाकाखाली थोडी बारीक करून घ्यावी. आणि वर उचललेला अंगठा पाण्याखाली ‘छान’ असे सांगत नाही, त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो; मी पहिल्या दिवशी दोनदा उत्साहाने अंगठा दाखवला आणि दोनदा मला वर आणले गेले.

पोहण्याची परीक्षा 200 मीटरची असते, वेळेची मर्यादा नसते, आणि त्यानंतर दहा मिनिटे तरंगून दाखवायचे असते. आपल्या विहिरीत सरळ 200 मीटर मिळणार नाहीत, पण काठाकाठाने न थांबता फेऱ्या मारल्या तरी दम तयार होतो. त्याबरोबर एक साधा स्नॉर्केल, म्हणजे तोंड पाण्यात असताना वरची हवा घ्यायची नळी, आणा. विहिरीच्या पायऱ्यांवर कमरेइतक्या पाण्यात उभे राहा, मास्क न लावता तोंड पाण्यात बुडवा आणि फक्त तोंडाने, संथपणे, पाच मिनिटे श्वास घ्या. नाकात पाणी शिरल्यासारखे वाटेल आणि मान वर उचलावीशी वाटेल. चार-आठ दिवसांनी तसे वाटेनासे होईल. हे करताना काठावर कोणीतरी बसलेले असू द्या.