गाडीच्या छताचं कापड लोंबायला लागलंय, घरच्या घरी बदलता येईल का?

येईल. मी दोनदा केलंय. खरं सांगायचं तर एकदा बिघडवलंय आणि एकदा केलंय.

तुम्ही लिहिलंय की गाडी १२ वर्षांची आहे, मागे बसणाऱ्याच्या डोक्याला कापड लागतं, सीट कव्हरवाल्याने ६,५०० सांगितलेत, तर इंजेक्शनच्या सुईने आत डिंक सोडून भागेल का. सुईपासूनच सुरुवात करतो, कारण सुई मीही आणली होती. नाही भागत. लोंबलेल्या भागाला छोटी चीर देऊन बोट आत घाला. पिवळट-तपकिरी भुकटी लागेल, शिळ्या म्हैसूरपाकाच्या चुऱ्यासारखी. तो फोम. वर पत्रा, त्याखाली साच्यात दाबून आकार दिलेला बोर्ड आणि बोर्डाला कापड, असं हे छत असतं. कापडाच्या पाठीला दोन-तीन मिलिमीटर पॉलियुरेथेन फोम आधीच चिकटवलेला येतो. ऊन आणि दमट हवा खाऊन खाऊन तो कुजतो. डिंक बिचारा बोर्डाला अजून घट्ट असतो. मधला फोम फाटतो, अर्धा बोर्डाकडे राहतो, अर्धा कापडाबरोबर खाली येतो. मग सुईतला डिंक धरणार कशाला? भुकटीला.

एवढं कळायला मला एक पावसाळा, एक आत्या आणि सख्ख्या भावाशी झालेलं भांडण एवढा खर्च आला.

आम्ही मूळचे इचलकरंजीचे. घरात यंत्रमाग. अण्णांचे बारा होते, दादाने चोवीस केले. मी नोकरीपायी चिंचवडला. २०२२च्या मे महिन्यात गाडी घेऊन गावी गेलो तर दादाने मागचं दार उघडलं, लोंबतं कापड चिमटीत धरून अंगठ्याने चोळलं आणि निकाल दिला, "कापडच हलकं हाय. असलं कापड आमच्याकडं गादीच्या अस्तराला कोण घेत नाही." मी म्हटलं, पुण्यात गेलो की नाना पेठेतून रूफ लायनरचं कापड आणतो. त्यावर, "घरात ताग्यावर तागं पडल्यात आणि तू बाजारातनं कापड आणणार व्हय मर्दा? लोक तोंडात शेण घालतील." आई पण त्याच्याच बाजूने. झालं.

६३ इंची पन्ह्याचं पॉपलीन निघालं. मागावरून उतरलेलं, कोरं. कापड उत्तम होतं, त्यात वाद नाही. त्याच ताग्याचे उशांचे अभ्रे आमच्याकडे आजही आहेत.

रविवारी माग बंद असतात म्हणून दादाचे दोन जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, मदतीला आले. सन व्हायझर, हँडल, मधला दिवा, काचांमधल्या खांबांची प्लास्टिकची आवरणं, दारांची रबरं, सगळं तासाभरात उतरलं. बोर्ड बाहेर काढून दोन बाजल्यांवर पालथा ठेवला. मी खरवडायला बसलो. दहा मिनिटं झाली नसतील, दादा म्हणाला, "किती बारीक करत बसतोस? वरवरचं झटक आणि लाव." मी झटकलं आणि लावलं. इथे चूक माझी पण आहे. पण ऐकलं कुणाचं म्हणून झाली?

डिंकही घरातलाच. दाराच्या दुरुस्तीला आणलेला पांढरा, सुतारी.

संध्याकाळी चार पावलं लांबून बघितलं तर झकास. आईने नारळ फोडला. जवळून बघितलं तर हँडलच्या खोलगट भागांवरून कापड पुलासारखं गेलेलं, बोटाने दाबलं की आत पोकळ. दिव्याभोवती डिंक वर फुटून चहा सांडल्यासारखे डाग. मी बोललो नाही. घरच्या कापडाला कोण नाव ठेवणार.

जुलैत गुरुपौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला निघालो. मागे आई, आत्या आणि माझा मुलगा. बाहेर पाऊस, आत एसी. कुरुंदवाडच्या अलीकडे मागून एक लांब, ओला आवाज आला, जखमेवरची पट्टी काढताना येतो तसा, फक्त मोठा. आरशात बघितलं तर मागची काच नाही, आई नाही, आत्या नाही, नुसतं पांढरं पॉपलीन. आतून आत्याचा आवाज, "अगं बाई, डोक्यावर पदर आला!" तिच्या अंबाड्याला फोमची भुकटी आणि अर्धवट ओला डिंक. वाडीत दत्ताचं दर्शन तिने तशाच डोक्याने घेतलं. परत येताना मुलाने छत्रीच्या दांड्याने कापड वर टेकवून धरलं होतं. दुसऱ्या हातात कवठाच्या बर्फीचा पुडा.

दादाचं म्हणणं, डिंक मी पातळ केला. हे तो गेली तीन वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगतो. "आमचं कापड एक नंबर, ह्याला चिकटवता आलं नाही."

दादा हे वाचणार नाही, पण त्याची पोरं वाचतात, म्हणून इथे लिहून ठेवतो. पॉपलीन विणताना उभा धागा आणि आडवा धागा काटकोनात बसतो. ते तिरकं ओढलं तर थोडं येतं, सरळ ओढलं तर येत नाही. गाडीच्या छताचा बोर्ड सपाट नसतो, त्याला खड्डे आणि वळणं असतात. गाडीसाठी जे कापड येतं ते सहसा मागावरचं नसतं, बनियनसारखं फासे घालून केलेलं असतं. ओढाल तिकडे येतं आणि खड्ड्यात बसतं. ज्याला दादा हलकं म्हणाला ते हलकं नव्हतं, वेगळं होतं. शिवाय कोरं सुती कापड दमट हवेत कधी आटतं, कधी सैलावतं. आणि सुतारी डिंक लाकडासाठी बनलेला. मे महिन्यातल्या उन्हात ज्या पत्र्यावर तळहात ठेवता येत नाही, त्याच्या खाली तो मऊ पडला आणि पावसाच्या दमट हवेत त्याने उरलासुरला जीव सोडला. चोवीस मागांचा मालक असला म्हणून जगातलं सगळं कापड कळतं असं नाही.

दुसऱ्यांदा केलं ते २०२३च्या जानेवारीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बायकोबरोबर. नाना पेठेत फोम लावलेलं रूफ लायनरचं कापड मागितलं की मीटरवर मिळतं. आमच्या सेडानला ६० इंची पन्ह्याचं दोन मीटर लागलं. तुम्ही आधी बोर्ड मोजा आणि चारी बाजूंनी वीतभर जास्त धरा.

सगळी मेहनत खरवडण्यात आहे. कपड्यांचा नायलॉन ब्रश घ्या, तारेचा नको, बोर्ड सोलून निघतो. पाणी लावू नका. मला साडेचार तास लागले. बोर्डावर तळहात फिरवला आणि हाताला काही लागलं नाही, की झालं. तोंडाला मास्क बांधा, ती भुकटी दोन दिवस नाकातून निघते.

डिंक सिंथेटिक रबराचा, सोफा-कुशनवाले वापरतात त्या जातीचा. फेविकॉलमध्ये 'एसआर' म्हणून मागतात तो प्रकार. डबा घेताना उष्णतेला टिकेल असं लिहिलंय का ते वाचा. बोर्डाला आणि फोमला, दोन्हीकडे पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. बोटाचं पेर टेकवलं तर चिकट लागलं पाहिजे पण तार येता कामा नये. इथे घाई केली की ओला डिंक फोममधून झिरपून कापडावर डाग पडतो. फवारायची सोय असेल तर सर्वांत उत्तम.

कापड एकदम टाकू नका. बोर्डावर पसरून बरोबर जागेवर आणा, मग अर्धं उलटं दुमडा, त्या अर्ध्याला डिंक लावा, बसवा, मग दुसरं अर्धं. एक टोक बायकोने धरलं होतं, वाळलेल्या चादरीची घडी घालताना धरतो तसं, आणि माझ्या हाताखाली ती ते तसूतसूने सोडत होती. मधून कडेकडे तळहाताने जायचं. खड्डा आला की आधी त्याच्या तळाला बोटांनी बसवायचं, मगच पुढे. ओढून खड्डा पार केला की तिथे पूल झालाच. कडा मागे दुमडून चिकटवा. दिव्याची आणि हँडलची भोकं अगदी शेवटी कापा.

तीन उन्हाळे झाले, कुठे फुगा नाही. खर्च कापड, डिंक आणि तुटलेल्या क्लिपा धरून २,१०० रुपये. क्लिपा डझनभर जास्तच आणा, जुन्या प्लास्टिकच्या निम्म्या तुटतात.

हे आधी सांगायला हवं होतं, पण आता आठवलं. तुमच्या गाडीला बाजूने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत का ते पाहा. खांबांच्या आवरणावर तसं कोरलेलं असतं. असतील तर त्या छताच्या कडेलाच दडलेल्या असतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, किमान पंधरा मिनिटं थांबा आणि त्यांच्या वायरींना हात लावू नका. धीर होत नसेल तर हे काम तुमचं नाही. सनरूफ असेल तरीही नाही, माझ्या गाडीला नव्हतं. डिंकाचा वास डोक्यात जातो आणि तो पेटतोही, म्हणून उघड्यावर करा, जवळपास शेगडी किंवा सिगारेट नको. पावसाळ्यात करू नका. आणि घरातलं कुठलंही कापड लावू नका, दादाचं तर नाहीच. गाडीच्या आतल्या सामानाने किती वेगाने पेट घ्यावा यालाही मर्यादा आहे, त्यासाठी आयएस १५०६१ म्हणून भारतीय मानक आहे. अभ्र्याचं कापड त्यात कुठे बसणार?

बोर्ड बाहेर काढताना आणि आत घालताना दोन माणसं हवीत, पुढच्या सीटा पूर्ण पाडा, आणि तो दुमडू नका. एकदा मुडपला की कापडाखाली ती रेघ कायम दिसते.

राहिला तुमचा ६,५००वाला. वाईट भाव नाही म्हणणार मी, साडेचार तास खरवडायचे कुणालाही पैसे द्यावेत. फक्त त्याला विचारा, बोर्ड गाडीबाहेर काढणार का आणि जुना फोम पूर्ण खरवडणार का. "बाहेर काढायची गरज नाही साहेब, आतल्या आत करून देतो" म्हणाला, तर चहा न घेता उठा.