फ्लोटवर विमान उठत नाही? आधी काट्यावर चढवा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. जुनं चार आसनी, वर पंख असलेलं विमान, त्याला अँफिबियन फ्लोट (पाण्यावर तरंगणारे, खाली चाकंही असलेले पोकळ तराफे) बसवून घेतलेत. कागदावर चार माणसं बसतात, पण गरम दुपारी वारा पडलेला असताना दोघंच असले तरी ते स्टेपवर येत नाही, म्हणजे पाणी कापत राहतं, पाण्याच्या वर येऊन घसरत धावत नाही. आणि वर्कशॉपवाले म्हणतात, "तुमचा हात अजून बसलेला नाही." हे शेवटचं वाचून राहवलं नाही, कारण मला हेच एक अख्खा हंगाम ऐकवलं गेलं.

वॉटर रडर (फ्लोटमागचं पाण्यातलं सुकाणू) वर घेणं, योक (हातातलं चाक) पोटाशी, नाक पुरतं उचललं की सैल सोडणं, एक फ्लोट आधी सुटा करणं, हे सगळं तुम्ही करत असणारच. त्यात वेळ घालवत नाही. पाणी आरशासारखं असेल तर आधी गोल फिरून स्वतःच लाटा उठवा, एवढंच सांगतो. फ्लोटच्या तळाला धरून बसलेलं पाणी त्याने सुटतं.

आता मुद्दा. तुमच्या विमानाचं रिकामं वजन शेवटचं *मोजलं* कधी? मांडलं कधी हे विचारत नाहीये. लॉगबुकात प्रत्येक बदलानंतर बेरीज-वजाबाकी असते: जुना रेडिओ काढला, नवा बसवला, मागचं सीट बदललं. ती बेरीज ज्या आकड्यापासून सुरू होते तो आकडा कित्येकदा कारखान्यातल्या कागदावरचा असतो. मधल्या वर्षांत विमान रंगलं, पुन्हा रंगलं, आतलं कापड बदललं, कुठे पत्र्याची ठिगळं लागली. त्यातलं काही कागदावर येतं, काही येत नाही.

माझ्याकडे फ्लोट बसवणाऱ्या वर्कशॉपने तेच केलं. चाकांचं वजन वजा, फ्लोटचं माहितीपत्रकातलं वजन अधिक, खाली सही. विमान काट्यावर घाला म्हणून मी आधीच सांगितलं होतं, तर "त्याची गरज नसते" असं उत्तर. पुढे विमान उठेना म्हटल्यावर दोष माझ्या हाताला. मी प्रशिक्षक लावला. त्यालाही उठवता येईना, तेव्हा "आजची हवा गरम आहे". हवा गरम असली की इंजिन, पंखा (प्रॉपेलर) आणि पंख तिघंही कमी देतात हे खरंच आहे, म्हणून तर ही सबब इतकी खपते. शेवटी दुसरीकडे नेऊन मोजलं, तर कागदापेक्षा एका धडधाकट माणसाइतकं जास्त भरलं! म्हणजे इतके दिवस एक न दिसणारा प्रवासी घेऊन मी फिरत होतो, आणि कागदावर सगळं कायदेशीर. गेलेल्या हंगामापेक्षा मला जास्त लागलं ते हे की त्या लोकांनी शेवटपर्यंत स्वतःचा कागद उघडून पाहिला नाही.

पाण्यावर हे जास्त का झोंबतं? पाण्याचा सगळ्यात मोठा अडथळा स्टेपवर येण्याच्या जरासा आधी असतो. तो ओलांडायला लागेल इतकाच जोर इंजिनात उरलेला असेल, तर थोडं वजनही निकाल फिरवतं. फ्लोटची मापंही ताडून पाहा. प्रमाणनाच्या रूढ नियमात दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या कमाल वजनाच्या 180 टक्के तरंगशक्ती हवी. प्रत्येकी 3000 पौंड तरंगशक्तीच्या फ्लोटची जोडी असेल तर 6000 भागिले 1.8, म्हणजे साधारण 3330 पौंड. तुम्ही या रेषेच्या किती जवळ आहात ते बघा.

दुसरी गोष्ट कागदांची. तुम्ही व्हॉर्टेक्स जनरेटर (पंखावरच्या, कमी वेगात हवा पंखाला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या) आणि वाढीव वजनाचं किट (कमाल वजनाची मर्यादा वाढवणारं) आधीच असल्याचं लिहिलंय. अमेरिकी नोंदणी असेल तर प्रत्येकाचं स्वतंत्र एसटीसी (मूळ विमानात बदल करायची मंजुरी) असणार. पण एसटीसी वेगवेगळी मंजूर आहेत म्हणजे एकत्र चालतात असं नव्हे. आधीच्या बदलांशी जुळतं की नाही हे बसवणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि बरेच जण ते ठरवतच नाहीत. वाढीव वजनाचं किट चाकांसाठीच असेल आणि फ्लोटची मर्यादा त्याहून कमी असेल, तर तुमचा चार माणसांचा हिशोब तिथेच संपला. आणि माझं मत विचाराल तर व्हॉर्टेक्स जनरेटर कमी वेगात छान, पण पाण्यातून बाहेर काढायला त्यांची फार मदत नाही. तिथे पंखा बोलतो. फ्लोटसाठी मंजूर असलेला लांब, कमी पिचचा (पात्यांचा तिरपेपणा कमी असलेला) पंखा आहे का ते पाहा. क्रूझला, म्हणजे वर सरळ उडताना, वेग जाईल, जाऊ दे.

(मी वैमानिक आहे, मेकॅनिक नाही. ज्याची सही लागते त्याला विचारल्याशिवाय एक स्क्रूही फिरवू नका.)

मोजायच्या आधी फ्लोटमधला प्रत्येक कप्पा पंपाने कोरडा करा. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो, आणि ते कुठल्या टोकाला साचलंय त्यावर गुरुत्वमध्यही सरकतो. एखादा कप्पा रोज पाणी देत असेल तर विमान जमिनीवर आणून त्या कप्प्यात *आतून* थोडं पाणी भरा आणि बाहेरून कुठला रिव्हेट घामेजतो ते बघा. बाहेरून सीलंट फासत बसण्यात आयुष्य जातं.

आणि विषय निघालाच आहे म्हणून: उतरताना "पाणी आहे, चाकं वर" हे मोठ्याने म्हणता ना? एकटे असलात तरी म्हणा. चाकं वर ठेवून धावपट्टीवर उतरलात तर बहुतेक वेळा फ्लोटची कील (तळाचा कणा) घासते. चाकं खाली ठेवून पाण्यात उतरलात तर विमान उलटतं. इशारा देणारं यंत्र जरूर बसवा, पण त्याचा आवाज सवयीने ऐकू येईनासा होतो.

मोजून झालं की आकडे इथे टाका. पुढच्या दोन चाकांचे आणि मागच्या दोन जागांचे वेगवेगळे हवेत, सोबत टाकीत इंधन किती होतं तेही. नुसती बेरीज टाकलीत तर गुरुत्वमध्य काढता येणार नाही.