आधी रिपोर्ट पूर्ण येऊ द्या, मग ऑपरेशनची तारीख ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४३, उजव्या स्तनात २.८ सेंमीची गाठ, बायॉप्सीत कर्करोग निघालाय, ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या तपासण्या) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) यांचा रिपोर्ट अजून यायचाय, आणि घरचे म्हणतायत की मंगळवारी सगळं काढूनच टाकू. त्यात मुलाची दहावी, आणि शाळेत पुन्हा फळ्यावर लिहिता येईल का ही धास्ती. मी डॉक्टर नाही, पण याच रस्त्याने गेलेली आहे. डावा स्तन आणि काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या, मग किमो, मग रेडिएशन झालं, आणि आता रोजची गोळी चालू आहे. तुमच्यासारख्या बऱ्याच जणींच्या सोबतीला दवाखान्यात बसले आहे. त्या सगळ्यातून एकच आग्रहाने सांगते: हर-टूचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मंगळवार पक्का करू नका.

ही गाठ गेल्या महिन्यात झालेली नाही. हाताला लागण्याएवढी व्हायला बहुतेक वेळा काही वर्षं जातात. तपासण्या पूर्ण करायला दोन-तीन आठवडे गेले तर उपचार हातचे जात नाहीत. महिनोन् महिने मात्र घालवू नका. थांबायचं कारण असं की उपचारांचा क्रमच त्या रिपोर्टवर ठरतो. हर-टू पॉझिटिव्ह आलं, किंवा तिन्ही निगेटिव्ह आलं, आणि गाठ २ सेंमीच्या वर असेल, तर बरेच डॉक्टर आधी किमो देतात. औषध गाठीवर चालतंय की नाही ते तेव्हा डोळ्यांना दिसतं, गाठ लहान होते, आणि ऑपरेशनमध्ये किती रोग उरलेला सापडतो त्यावरून पुढचं औषध ठरवता येतं. गाठ आधीच काढून टाकली की ही माहिती पुन्हा मिळत नाही. रिपोर्टमध्ये हर-टू ‘२+’ लिहून आलं तर ते संशयित समजतात आणि फिश नावाची आणखी एक तपासणी करतात. तिचीही वाट बघा.

‘सगळं काढून टाका म्हणजे कटकट नको’ हे मलाही घरात सगळ्यांनी ऐकवलं होतं. माया असते त्यात, पण ते पूर्ण खरं नाही. अमेरिका आणि इटलीत १९७०च्या दशकात सुरू झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या. म्हणून सर्जनना सरळ विचारा, ‘माझा स्तन वाचवता येईल का, आणि नसेल तर का नाही?’ कारण असू शकतं. माझ्या बाबतीत रोग एकाहून जास्त ठिकाणी होता, म्हणून काढावा लागला, आणि तो निर्णय मला आजही पटतो. पण कारण कळून काढणं वेगळं. काखेचंही विचारा: आधी दोन-चार गाठी काढून तपासणार की सरसकट साफ करणार? पुढे हाताला किती त्रास होईल ते बरंचसं यावरच ठरतं.

दुसरं मत घ्यायला संकोच करू नका, चांगले डॉक्टर रागावत नाहीत. जाताना बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स (गाठीचा मेणात आणि काचेवर जपलेला नमुना) लॅबमधून मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही. सर्जन, किमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात (ट्यूमर बोर्ड म्हणतात त्याला) असं ठिकाण असेल तर उत्तम. तुम्ही सांगलीकडच्या आहात, मिरज-कोल्हापुरात रेडिएशनची सोय आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला मुंबईत परळचं टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालय गाठायची गरज नाही.

आणि थेट ऑपरेशनच ठरलं, तर सर्जनना एक गोष्ट जरूर विचारा. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत एक अभ्यास झाला, २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. कापण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे बधिर करायचं साधं इंजेक्शन, दिलं. १५००हून जास्त बायका होत्या. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. औषध अगदी स्वस्त आहे. आधी किमो न झालेल्या बायकांवरचा हा अभ्यास आहे, म्हणून तुम्हाला लागू पडतो का ते सर्जनच सांगतील.

पैशाचं लिहायला तुम्ही संकोचलात असं वाटलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो, रेडिएशन तिन्ही येतं. मात्र रुग्णालय योजनेतलं हवं आणि मंजुरी उपचारांआधी घ्यावी लागते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधीच भेटा. बिल भरून झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

मुलाला सांगा. दहावी आहे म्हणून लपवाल तर तो दाराआडून अर्धवट ऐकेल आणि उरलेलं मनाने जोडेल, ते खऱ्यापेक्षा भयंकर असेल. रडू आलं तर येऊ द्या, पण माहिती नेमकी द्या: आईला स्तनाचा कर्करोग झालाय, उपचार आहेत, ऑपरेशन होणार आहे, औषधाने केस जाऊ शकतात, तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. आणि त्याला एक ठरावीक काम द्या. माझ्या मुलीकडे औषधांची वही होती, आणि त्या वहीने तिला बराच धीर दिला.

आता ऑपरेशननंतरचं. दुखणं सोसण्यासारखं असतं, गोळ्यांनी आवाक्यात राहतं. जास्त वैताग ड्रेनचा. काखेखालून एक बारीक नळी बाहेर येते, तिच्या टोकाला दाबून ठेवलेली प्लास्टिकची बाटली असते, आणि ती घेऊनच घरी यायचं. झोपेत ओढली जाते, न्हाणीघरात कुठे ठेवावी कळत नाही. मी जुन्या परकराच्या कापडाची लांब बंदाची पिशवी शिवून घेतली होती, गळ्यात अडकवून बाटली त्यात ठेवायची. रोज ठरल्या वेळी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा. सुरुवातीला रक्तासारखं लाल येतं, मग गुलाबी, मग फिकट पिवळं. चोवीस तासांतलं माप साधारण ३० मिलीच्या खाली आलं की बहुतेक डॉक्टर नळी काढतात. नंतर तिथे पाणी साचून फुगवटा आला तर घाबरू नका, सुईने काढतात. ताप, लालसर गरम कातडी, वास किंवा एकाएकी वाढलेली सूज दिसली तर मात्र त्याच दिवशी फोन करा. घरी घालायला पुढून उघडणारे गाऊन आधीच आणून ठेवा, डोक्यावरून काहीही घालता येत नाही.

आणि हात. इथे मात्र थांबायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचं, जेवायचं, केस विंचरायचे. पहिला आठवडाभर, किंवा नळी असेपर्यंत, खांद्याच्या वर हात न्यायचा नाही, त्यानंतर फिजिओथेरपिस्ट सांगतील तसा वाढवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, हा सगळ्यांत उपयोगी व्यायाम. मी फ्रीजशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहायचे. काही दिवस रेघ तिथल्या तिथेच राहायची, मग अचानक दोन बोटं वर जायची. काखेत दोरीसारखं काही ताणलेलं हाताला लागलं तर व्यायाम बंद करू नका, फिजिओंना दाखवा, बहुतेक वेळा ते सुटतं. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, कारण तिथली नस काखेतून जाते. माझा पूर्ण गेलेला नाही, पण आता लक्षातही येत नाही.

भरलेली बादली, मोठा कुकर, कपडे पिळणं हे सुरुवातीचे काही आठवडे दुसऱ्यांकडे. कणीक मळणं, भाकरी थापणंसुद्धा. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका कायम थोडा राहतो. घट्ट काचेच्या बांगड्या नकोत, भाजणं-कापणं टाळा, आणि रक्तदाब, सुया शक्यतो दुसऱ्या हाताला. अंगठी अचानक घट्ट वाटू लागली तर लगेच दाखवा, लवकर पकडलेली सूज आटोक्यात राहते.

भेटायला येणारी माणसं गव्हांकुराचा रस, काढे, कुठल्याशा वैद्याची पुडी घेऊन येतील. किमो चालू असताना डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही पोटात घेऊ नका, यकृतावर आधीच ताण असतो. आणि मन जास्त खचतं ते नळी निघाली, माणसं आपापल्या कामाला लागली, त्यानंतर. मलाही तेव्हाच झोप येईनाशी झाली. दोन आठवडे तसंच राहिलं तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, त्यांनी मला खरोखर सावरलं.

आता फळ्याचं. रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर घेऊन स्थिर पडून राहावं लागतं, त्यामुळे खांदा तोवर मोकळा व्हायलाच हवा. तिथवर पोचलात की फळ्यापर्यंतही पोचाल. तुमचा उजवा हात आहे, म्हणून सुरुवातीला फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहा, वरचं एखाद्या मुलीकडून लिहून घ्या. मुख्याध्यापकांशी रजेचं आणि सलग तास न देण्याचं आत्ताच बोलून ठेवा. किमो ठरली तर तारखा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने येऊ शकतात, त्या वेळापत्रकाशेजारी लिहून द्या. हर-टूचा रिपोर्ट आला की इथे टाका, नाव आणि नंबर झाकून.