रिवॉर्ड, अवॉर्ड आणि जमिनीखालचं सोनं

प्रश्न : रिवॉर्ड, अवॉर्ड, प्राइझ या तिन्हींचा अर्थ शब्दकोशात ‘बक्षीस’ असाच सापडतो, ट्रेझर, होर्ड, ट्रोव्ह यांचा ‘खजिना’. मग कुठला शब्द कुठं वापरायचा?

उत्तर : पहिल्या तिघांत मी एकच बघते, हे हाती कशामुळे पडलं? रिवॉर्ड ही केल्या कामाची परतफेड. हरवलेलं पाकीट आणून देणाऱ्याला रिवॉर्ड मिळतो. तिथं ना स्पर्धा, ना परीक्षक. अवॉर्डमागे कुणाचा तरी विचारपूर्वक निर्णय असतो. म्हणूनच लवादाचा निवाडाही अवॉर्डच. प्राइझ बहुधा जिंकायचं असतं, शर्यतीत किंवा सोडतीत. नोबेलसाठी कुणी शर्यत लावत नाही, तरी ते प्राइझच. अशी रूढ नावं सरळ पाठ करावीत.

खजिन्याच्या शब्दांत मात्र मी मनापासून रमते. ट्रेझर म्हणजे कुठलाही मोलाचा ऐवज. होर्ड म्हणजे कुणीतरी जमवून, बहुतेकदा लपवून ठेवलेला साठा. साठेबाजाला होर्डर म्हणतात ते त्यामुळेच. ट्रोव्ह मुळात ‘सापडलेला’ अशा अर्थाचा जुना फ्रेंच शब्द, म्हणून ट्रेझर ट्रोव्ह म्हणजे सापडलेलं धन.

पण इंग्लंडच्या जुन्या कायद्यात नुसतं सापडून भागत नसे. पुरणाऱ्याचा ते पुन्हा काढायचा इरादा हवा आणि त्याचा वारस अज्ञात हवा. मग ते सोनं-चांदी राजसत्तेचं. १९३९ साली सफोक परगण्यात सटन हू इथं अख्ख्या जहाजासकट एक दफन उघडं झालं. त्यातलं सोनं मृतासाठी कायमचं ठेवलेलं होतं, त्यामुळे चौकशीत ते ट्रेझर ट्रोव्ह ठरलं नाही. मालकी जमीनमालकीण एडिथ प्रिटी यांच्याकडे गेली. त्यांनी तो ठेवा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला! मला या बाईंचं फार अप्रूप आहे.

त्याच सफोकमध्ये, हॉक्सन गावी, १९९२ साली हरवलेला हातोडा शोधताना एका माणसाला रोमन काळातली सुमारे १५,००० नाणी आणि दागिने सापडले. तो होर्ड, आणि कायद्यानं ट्रेझर ट्रोव्हसुद्धा. त्यानं सगळं उकरून घरी न नेता लगेच कळवलं, त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना ते मूळ जागी, नीट मांडणीसह पाहता आलं. त्याला १७.५ लाख पौंड मिळाले. त्या रकमेला इंग्रजीत रिवॉर्ड म्हणतात.